दोन बोटांचं छप्पर

ओकोतित्ला हे गवंड्यांचं गाव, आणि गावाच्याच चर्चवर छप्पर नव्हतं. याहून लाजिरवाणी गोष्ट दुसरी असेल तर ती आम्हाला तरी ठाऊक नाही. भूकंपात घुमट कोसळला त्याला तीन वर्षं होऊन गेली होती. दर्शनी भिंत तेवढी जशीच्या तशी उभी राहिली: पिळदार खांब, द्राक्षांचे घड, गाल फुगवलेले देवदूत, सगळं जागच्या जागी. आत पाऊल टाकलं की डोक्यावर आभाळ. पाऊस आला की पाद्री मकारियो छत्री उघडून प्रार्थना म्हणायचे. शेजारच्या सान बेर्नाबेचे लोक बाजारच्या दिवशी अगदी गोड आवाजात विचारायचे, "काय मंडळी, यंदा चर्चमध्ये मका लावलात की घेवडा?"

यावर बोलणार काय? कप्पाळ?

कारण या गावात असं एक घर नव्हतं, ज्याने कुठल्या ना कुठल्या मोठ्या इमारतीला हात लावला नव्हता. स्पेनच्या राजाचा अंमल होता तेव्हा कोयोत्ल घराण्याच्या खापरपणजोबांनी चर्चच्या भिंतींवर एवढे देवदूत बसवले, की चिमणीला बसायला जागा उरली नाही. मग देश स्वतंत्र झाला आणि मोठ्या लोकांना एकदम रोमन खांब आवडायला लागले. गावाने रोमन खांब दिले. पुढे म्हाताऱ्या हुकूमशहाच्या काळात राजधानीतल्या शेठजींना पॅरिसचं खूळ लागलं, तेव्हा तेपाले घराण्याच्या आजोबांनी त्यांच्या हवेल्यांवर चांगली उतरती छपरं घातली, बर्फ घसरून पडावा म्हणून. राजधानीत बर्फ पडत नाही. आजोबा मरेपर्यंत त्यावर हसत राहिले, पण छपरं मात्र चोख घातली. त्यांच्या पोरांनी पांढरे, उघडेबोडके, ठोकळ्यासारखे बंगले बांधले आणि आता नातवंडं काचेच्या मनोऱ्यांवर दोराला लोंबकळत होती. आठवडाभर जगाची छपरं घालायची, शनिवारी बसने घरी यायचं आणि रविवारी आपल्या चर्चमध्ये उन्हात डोकं भाजत बसायचं.

दोमितिला क्वाउत्ले याच गावची. तिचा बाप गवंडी, आजा गवंडी, मामा तर गवंड्यांचा मुकादम. ती मात्र राजधानीत शिकून आर्किटेक्ट झाली आणि जिथे काँक्रीटची पातळ, वळणदार छपरं बांधतात अशा एका कचेरीत कामाला लागली. गावात तिला सगळे दोमी म्हणायचे, आणि ती राजधानीहून आली की बायका तिची विजार बघायला दारात यायच्या.

चर्चवर काय घालायचं हे ठरवायला गाव जमलं, तेव्हा उत्सवाचे कारभारी फाउस्तिनो कोयोत्ल पहिल्यांदा उठले. त्यांचं म्हणणं साधं होतं: होता तसाच घुमट पुन्हा बांधा, सिमेंटमध्ये. सान बेर्नाबेने तसाच केला होता. त्यावर साच्यातून काढलेले देवदूत होते, सगळे एकासारखे एक, सगळ्यांची नाकं एकाच बाजूला वाकडी.

मग दोमितिला उठली. तिने टोपलीतली एक ताजी, मऊ तोर्तिया, म्हणजे मक्याची पातळ भाकरी, घेतली आणि एका कडेने धरून सगळ्यांसमोर आडवी केली. तोर्तिया मान टाकून लोंबली. मग तिने तीच तोर्तिया मधोमध जराशी चिमटीत धरून वळवली, खोगिरासारखी. तोर्तिया ताठ उभी राहिली. तिच्यावर तिने एक लिंबू ठेवलं, तरी ती ताठच.

"मायबाप, ताकद जाडीत नसते, वळणात असते," ती म्हणाली. "माझं छप्पर दोन बोटं जाड असेल. चार कोपऱ्यांत टेकेल. मधे खांब नाही, तुळई नाही, काही नाही."

सभेत चुळबुळ झाली. कारभाऱ्यांनी विचारलं, आणि चर्चच्या मागे पडलेल्या आमच्या दगडांचं काय? पडलेल्या घुमटाचे कळस, वेलबुट्टीचे तुकडे, आणि त्यांच्या पूर्वजाने घडवलेला तो मोठा देवदूत, बैलाएवढा, हे सगळं ढिगाऱ्यात होतं. खरं तर इथे दोमितिलाने जीभ आवरायला हवी होती. पण तीस वर्षांच्या बाईला आपलं बरोबर आहे हे एकदा कळलं की मग ती कुणाची ऐकते?

"कारभारी, ते दगड फोडून पायात भरू. तुमचा देवदूत काम काय करतो सांगा? नुसता बसून खातो."

लोक हसले. कारभारी हसले नाहीत. त्यांनी हॅट डोक्यावर चढवली आणि शांतपणे अट घातली. दगडांना कुणी हात लावायचा नाही. छप्पर पवित्र क्रुसाच्या दिवशी, सगळ्या गावासमोर, टेकूशिवाय उभं राहिलं पाहिजे. नाही राहिलं, तर त्यांचा घुमट होणार आणि दोमितिलाने या गावात पुन्हा विटेवर वीट ठेवायची नाही. पवित्र क्रुसाचा दिवस म्हणजे आमच्या गावचा उत्सव, आणि साऱ्या देशातल्या गवंड्यांचाही तोच सण. त्या दिवशी हरलं की कुठे तोंड दाखवायची सोय राहत नाही.

दोमितिलाने अट मान्य केली आणि वर स्वतःची एक जोडली: काँक्रीटला खालून तोलून धरणारं लाकडी सेंट्रिंग काढताना ती छपराच्या खाली उभी राहील.

हे सगळं सान बेर्नाबेला कळायला कितीसा वेळ लागणार? पुढच्या बाजारी त्यांचा नवा प्रश्न तयार होता: "काय हो, तोर्तियाने चर्च झाकताय म्हणे? वर साल्साची चटणी कधी ओतणार?" पोरंसोरंसुद्धा ओकोतित्लाच्या माणसाला बघून हातावर टाळ्या वाजवायची, बायका तोर्तिया थापतात तशा.

काम मात्र असं झालं की बघत राहावं. सिरिलोमामाने, म्हणजे दोमितिलाच्या आईच्या भावाने, आयुष्यभर सेंट्रिंग ठोकलं होतं, पण हे असलं पहिल्यांदाच. सरळसोट फळ्या, एकही वाकवलेली नाही, एकीपेक्षा दुसरी किंचित तिरकी लावत जायची, आणि शेवटी सगळ्या मिळून एक वळणदार लाट तयार. मामा दर संध्याकाळी खाली उभा राहून मान वर करून बघायचा आणि म्हणायचा, सैतान आहे ही पोरगी. हे तो कौतुकाने म्हणायचा.

चर्चच्या भिंतींना बाहेरून टेकू देणारे दगडी धिरे होते, चार कोपऱ्यांना चार. तीन जुने, बैलजोडी मावेल एवढे रुंद, आणि प्रत्येकाच्या माथ्यावर जुन्या लोकांनी भलंमोठं दगडी शिखर चढवलेलं. चौथा भूकंपात गेला होता. त्याच्या जागी दोमितिलाने नवा बांधला, निमुळता, देखणा, दोन बोटांच्या छपराला पुरेल तेवढाच. माथा सपाट, वर काही नाही. त्या धिऱ्याचा तिला भारी अभिमान होता. येताजाता त्याच्यावरून हात फिरवायची.

काँक्रीट ओतायच्या आधी ती शिडीवरून घसरली आणि तिचा घोटा दुखावला. पाय प्लास्टरमध्ये गेला. ओतायचा दिवस पुढे ढकलणं शक्य नव्हतं, कारण राजधानीतली सगळी माणसं सुट्टी काढून आली होती. मग ती खाली खुर्चीवर बसून टेकू तपासत राहिली आणि वर मामा. सकाळपासून अख्खं गाव रांगेला लागलं. बायका, म्हातारे, पाद्रीसुद्धा घमेली पुढे देत होते. मोलेच्या मसालेदार रश्शाची भांडी चुलीवर रटरटत होती, पुल्के नावाच्या गावठी दारूचे माठ फिरत होते. दिवस मावळायला छप्पर भरून झालं आणि मामाने वरून थापी उंच करून दाखवली. दोमितिलाला रडू आलं. तिने ते लपवलंही नाही.

उत्सवाच्या आदल्या दिवशी सकाळी तिचा पाय मोकळा झाला आणि ती पहिल्यांदा छपरावर चढली.

मधोमध दिव्याची साखळी सोडायला तिने सेंट्रिंगवर नळीचा एक तुकडा उभा ठोकून घेतला होता, छपराच्या जाडीएवढाच कापलेला. त्याचं तोंड वर दिसायला हवं होतं. दिसेना. तिने हाताने चाचपलं, गुडघ्यांवर बसून शोधलं. नळी नव्हती. काँक्रीट मात्र होतं, गुळगुळीत, मन लावून घोटलेलं. तिने छिन्नी-हातोडी मागवली आणि जपून एक भोक पाडलं. दोन बोटं खोल गेल्यावर छिन्नी नळीवर खट्कन आपटली. तिने भोकात बोटं घातली. नळीच्या वर आणखी दोन बोटं. चार बोटं छप्पर.

ती खाली आली तेव्हा मामा क्रुसाला फुलं आणि रंगीत कागद बांधत होता. तिने त्याला सगळ्यांपासून बाजूला नेलं आणि चार बोटं दाखवली. मामाने मान खाली घातली. त्याला काही विचारावंच लागलं नाही.

"पोरी, मी चोरलं नाही काही," तो म्हणाला. "उलट घातलंय. जास्तीचं सिमेंट माझ्या पदरचं. ओकोतित्लाच्या गवंड्याने कधी मालकाला कमी माल दिला नाही. मग देवाला देऊ? तोर्तिया म्हणायचे गं. बाजारात टाळ्या वाजवायचे."

"मामा, दुप्पट वजन झालंय."

"मग दुप्पट मजबूत झालं की."

"नाही झालं," ती म्हणाली आणि मग तिचा आवाज चढला, "मामा, छप्पर आपलं स्वतःचं वजन कसंही उचलेल हो. पण ते चारी पाय बाहेर ढकलतं. वजन दुप्पट, तर ढकलणंही दुप्पट. जुने तीन धिरे आहेत तगडे, त्यांना काही होणार नाही. माझा चौथा दोन बोटांसाठी बांधलाय. तो सरकला तर सगळं खाली येईल. आणि त्याच्या खाली उद्या गाव असेल."

मामा पायरीवर बसला. साठीचा माणूस, लहान पोरासारखा दिसायला लागला. तिला त्याचा भयंकर राग आला होता, आणि त्याहून जास्त त्याची दया, आणि त्या दोन्हींचं काय करावं हे तिला कळेना. कुणी सिमेंट ढापलं असतं तर शिव्या घालता आल्या असत्या. हा माणूस तर स्वतःच्या खिशातून लाज झाकायला गेला होता. अशाला काय म्हणणार?

वाटा तरी किती होत्या? सेंट्रिंग तसंच ठेवून उत्सव पुढे ढकलायचा, तर अट हरली. कारभारी घुमट बांधणार आणि मामाचं नाव गावभर बदनाम होणार. वरची दोन बोटं खरवडून काढायची, तर एवढ्या ठोकाठोकीने खालची दोन बोटंही तडकणार. गप्प बसून देवाच्या भरवशावर टेकूंखालच्या पाचरी काढायच्या, हा विचार तिच्या मनात आला आणि तिला स्वतःचीच शिसारी आली.

ती चर्चच्या मागे गेली. तिथे सावली होती आणि कुणी येत नव्हतं. पडलेल्या दगडांच्या ढिगावर, त्या मोठ्या देवदूताच्या पंखावरच ती टेकली आणि समोरच्या जुन्या धिऱ्याकडे बघत राहिली. त्याच्या माथ्यावर ते भलंमोठं दगडी शिखर. लहानपणापासून बघितलेलं. शिकत असताना तिला सांगितलं होतं, की ही बरोक, म्हणजे त्या जुन्या नटव्या शैलीवाल्यांची हौस. जागा दिसली की नटवायची. तिनेही ते मान्य केलं होतं, कारण तेव्हा सगळेच नटव्यांना हसत होते.

पण एवढा जड दगड? हौसेपायी? तेवढ्या उंचीवर, कप्पी आणि दोर आणि माणसाच्या दंडांवर?

रिकाम्या घागरीला धक्का लागला की ती कलंडते. भरलेली असली तर हलत नाही.

ती उठून उभीच राहिली. जुन्यांनी धिऱ्याच्या डोक्यावर नटवेपणा ठेवला नव्हता, वजन ठेवलं होतं. घुमट बाहेर ढकलायचा आणि वरचं शिखर धिऱ्याला जमिनीत दाबून धरायचं. पंख, कुरळे केस, फुगलेले गाल हे सगळं त्या वजनाला घातलेलं अंगडं होतं. तिने खडूने देवदूताच्या पाठीवरच हिशोब मांडला. एकदा केला, पुन्हा केला. मग खाली बसून ती खो खो हसली आणि हसताहसता तिला आठवलं, की हा देवदूत कुणाचा आहे.

कारभारी फाउस्तिनो अंगणात उत्सवासाठी फटाक्यांचे बाण मोजून ठेवत होते. दोमितिला दारात उभी राहिली. त्यांनी तिला आत या म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही.

तिने आडपडदा ठेवला नाही. छप्पर ठरल्यापेक्षा जड झालंय, चौथा धिरा हलका पडतोय आणि त्याच्या डोक्यावर ठेवायला देवदूत हवाय, आजच.

"जड कुणी केलं?" कारभाऱ्यांनी विचारलं.

"काम माझं आहे. माझ्याकडून झालं."

कारभाऱ्यांनी बाण खाली ठेवले. त्यांना सगळं कळलं होतं. छपरावर थापी कुणाच्या हातात होती हे गावाने बघितलं होतं. दोमितिलाला वाटलं, आता हा म्हातारा सगळा हिशोब चुकता करणार. चुकता करायचा हक्कही होता त्यांना.

"तो तर नुसता बसून खातो ना?"

"तेच बरंय कारभारी," ती म्हणाली. "खाऊन जाड झालाय तोच कामाला येणार आहे. मी चुकले. तुमच्या खापरपणजोबांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं, आणि मी त्यांना सगळ्या गावासमोर हसले. उद्या सगळ्या गावासमोर हेच सांगेन."

म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याचा दोष त्याने बाणांच्या दारूला दिला. मग तो उठला आणि हॅट शोधायला लागला.

"माझी एक अट आहे," तो म्हणाला.

"सांगा."

"देवदूताचं तोंड सान बेर्नाबेकडे करायचं."

त्या दुपारी ओकोतित्लाने जे काम केलं ते आमच्या आज्यांनी त्यांच्या आज्यांकडून ऐकलं असेल तर असेल, बघितलं कुणीच नव्हतं. काचेचे मनोरे बांधणारी पोरं परांचीवर चढली. राजधानीतून आणलेली लोखंडी कप्पी होती, पण दोर जुनाच, मनगटाएवढा जाड. देवदूताच्या कमरेला घोंगड्या गुंडाळल्या, जणू थंडी वाजेल. मामा खालून हाका घालत होता. सकाळी जो पायरीवर खचून बसला होता, तो आता गाण्यासारखा ओरडत होता आणि त्याच्या हाकेला अख्ख्या गावाचे दंड एकदम ओढ घेत होते. कारभारी दोराच्या पहिल्या माणसाच्या पुढे होते. त्यांना बाजूला व्हा म्हणायची कुणाची छाती झाली नाही. आधी पडलेल्या शिखराचे चौकोनी दगड गेले, मग त्यांच्यावर देवदूत. दिवेलागणीच्या आत तो जागेवर बसला, सान बेर्नाबेकडे गाल फुगवून. चुना वाळायची वाट बघायची गरज नव्हती. काम वजनाचं होतं, चिकटण्याचं नव्हतं.

सणाच्या सकाळी सान बेर्नाबेचं अर्धं गाव मजा बघायला आलं. त्यांचे कारभारी नवी हॅट घालून पुढेच उभे होते. आधी त्यांनी धिऱ्यावरचा देवदूत बघितला. मग तो कुणाकडे बघतोय ते बघितलं. मग ते जरा बाजूला सरकले, पण देवदूत काही नजर काढेना.

दोमितिलाने सगळ्यांना चर्चबाहेर काढलं. देवदूताच्या पुढे केलेल्या बोटाला तिने ओळंबा बांधला होता आणि त्याच्या टोकाखाली दगडावर एक खूण केली होती. धिरा केसभर जरी बाहेर कलला, तरी ओळंबा खूण सोडणार. पाद्री मकारियोंना तिथे उभं केलं होतं. तिने बाहेर येऊन कबूल केल्याप्रमाणे देवदूताची आणि त्याच्या कर्त्याची माफी मागितली, स्वच्छ आवाजात, आणि आत जायला वळली.

तेवढ्यात मामा पुढे आला. "एक मिनिट," तो गावाला म्हणाला. "जास्तीची दोन बोटं मी ओतली. पोरीने सांगितलं नाही, म्हणून मी सांगतो." आणि तो हातोडा घेऊन तिच्या मागोमाग आत शिरला. त्यांच्या मागून आमचे कारभारीही आले. ती रागावली, तर म्हणाले, "माझा देवदूत बाहेर काम करतोय आणि मी उन्हात उभा राहू?"

पाचरी मधून सुरू करून कडेला जायच्या, प्रत्येक थोडी थोडी. मामा ठोके देत होता, दोमितिला बोट दाखवत होती. लाकूड कण्हलं. वरून धूळ पडली, कारभाऱ्यांच्या हॅटवर. एक टेकू कुरकुरला आणि गप्प झाला. तिने बाहेर हाक मारून विचारलं, ओळंबा? पाद्रींचा आवाज आला: जागेवर आहे. पुन्हा ठोके. पुन्हा हाक. या वेळी उत्तर यायला वेळ लागला.

"हलला," पाद्री म्हणाले.

मामाचा हातोडा हवेतच राहिला. दोमितिला वर बघत होती.

"थांबला," पाद्री म्हणाले. "तिथेच थांबलाय. जरासा हलला आणि टेकला."

ओझं घेताना हमालही एकदा खांदा सावरून घेतो. धिऱ्याने खांदा सावरला होता. तिने मामाला मान डोलावली. शेवटच्या पाचरी सुटल्या आणि सगळं सेंट्रिंग एक बोटभर खाली बसलं. फळ्या आणि छपराच्या मधे उजेडाची एक बारीक रेघ उमटली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. छप्पर वर होतं. फळ्या खाली होत्या. त्या दोघांना आता एकमेकांशी काही देणंघेणं नव्हतं.

"उभंय," दोमितिला म्हणाली. मग आणखी मोठ्याने म्हणाली. मग तिने मामाच्या गळ्यात पडून हुंदके दिले आणि मामानेही दिले. कारभारी दारात जाऊन हॅट हलवायला लागले आणि सगळे बाण एकदम आकाशात गेले. बँडने सूर धरला, घंटा वाजायला लागली, बायका आत धावल्या. तीन वर्षांनी पहिल्यांदा त्या चर्चमध्ये सावलीत उभं राहता आलं. पिळदार खांबांच्या दारातून आत यायचं आणि समोर ती लाट उसळलेली, ना खांब ना तुळई, कडेकडेने उजेड सांडणारी. म्हातारी माणसं नुसती मान वर करून उभी होती. काचेच्या मनोऱ्यांवरची पोरं एकमेकांच्या पाठीत धपाटे घालत होती.

दुपारी मामाने छपरावर चढून माथ्यावर क्रूस उभारला, फुलांचा आणि रंगीत कागदांचा. पंगती बसल्या. मोले वाढली गेली. पाहुण्यांना आधी, म्हणजे सान बेर्नाबेला आधी, कारण जिंकलेल्याला उदार होणं परवडतं.

त्यांचे कारभारी बराच वेळ घुटमळत होते. शेवटी त्यांनी नवी हॅट काढून हातात घेतली आणि दोमितिलापाशी आले. त्यांच्या सिमेंटच्या घुमटातून पाणी गळत होतं, पहिल्या पावसाळ्यापासूनच. हे त्यांनी इतक्या हळू सांगितलं की तिला पुन्हा विचारावं लागलं, आणि तिने मुद्दाम जरा मोठ्याने विचारलं. येत्या वर्षी तिला वेळ आहे का? आमच्याकडेही असलंच काही जमेल का? आजूबाजूची सगळी पंगत घास हातात धरून ऐकत होती.

"जमेल," ती म्हणाली. "मुकादम मात्र माझा असेल. आणि तुमचे देवदूत टाकायचे नाहीत. काहीतरी काम देऊ त्यांना."

"पण हे छप्पर एवढं पातळ," ते म्हणाले. "नक्की किती जाड आहे?"

सगळ्यांनी मामाकडे बघितलं. मामाने मोठ्या ऐटीत हात वर करून दोन बोटं दाखवली. मग त्याने दोमितिलाकडे बघितलं, त्याचे कान लाल झाले आणि त्याने उरलेली दोन बोटंही हळूच वर केली. पंगत अशी हसली की पाद्रींच्या हातातली तोर्तिया पडली.